श्रम त्यांचे, विद्या आमची

कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड येथील बाजारपेठांत मजुरांची वानवा पडली म्हणजे एक प्रश्न हमखास ऐकूं येतो: "सगळेच शिकले तर कामें कोण करणार?" भातलावणीला माणसें मिळेनाशीं झालीं, गवंड्याच्या हाताखालीं बिगारी येईना, कीं पेढीवरचे सभ्य गृहस्थ हा प्रश्न टाकतात आणि ऐकणारे माना डोलावितात. प्रश्न करणाराच्या मनांत आपल्या स्वतःच्या मुलाला शाळेंतून काढून बिगारीस धाडावें असें कधीं येत नाहीं, हें सांगावयास नकोच. काम करावयाचें तें दुसऱ्याच्या मुलानें, आणि तें बिनतक्रार व्हावें म्हणून अडाणी राहावयाचें तेंही त्यानेंच, एवढाच या प्रश्नाचा अर्थ आहे. तो उघड करून आमच्या वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम देणें कोणाचें कोणाकडे आहे तें पाहूं. शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. पुढें त्यांत भातसाची भर पडली. त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. बारवीच्या जलाशयाखालीं मुरबाडकडील जमिनी गेल्या, आणि पाणी कारखान्यांस व शहरांस मिळालें. मार्च २०२० मध्यें सांथीमुळें देश बंद झाला, तेव्हां डोकीवर बोचकीं घेऊन आग्रा रस्त्यानें कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या मजुरांच्या रांगा याच तालुक्यानें पाहिल्या. आमचीं घरें, गिरण्या, गोदामें कोणाच्या हातांवर चालतात हें त्या दिवसांत शहरांस कळलें, आणि सांथ ओसरल्यावर शहरें तें विसरलींही. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीं शहापूरजवळ सरळांबे येथें समृद्धि महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविण्याचें अवजड यंत्र कोसळून वीस माणसें मेलीं. तीं बहुतेक परप्रांतांतून पोटासाठीं आलेलीं होतीं. ५ जून २०२५ रोजीं त्या महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरून आमच्या मोटारी धांवतात, आणि आमच्या व्यापाराचा वेळ वांचतो.

परप्रांतीयांचें राहो, याच दोन तालुक्यांतील कातकरी व इतर आदिवासी कुटुंबांकडे पाहूं. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, त्या वेळीं वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम बयाणा देतो, आणि तो फेडण्यासाठीं पुढचा सबंध हंगाम बांधला जातो. दिवाळी झाली कीं हीं कुटुंबें भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल या बाजूंच्या भट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडाशीं परततात. माती कालविणें, साच्यांत विटा थापणें, त्या वाळविणें, भट्टी रचणें हें काम नवरा-बायको जोडीनें करितात, आणि तें पहाटेच्या आधीं अंधारांत सुरू होतें. मोठीं मुलें विटा उलटवितात, मधलीं मुलें धाकट्यांस सांभाळतात. आठवड्यास खर्ची मिळते. हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो.

हा हिशेबच आमच्या विषयाचें मर्म आहे. दिलेला बयाणा, उचललेली खर्ची, थापलेल्या विटा, अवकाळी पावसानें फुकट गेलेल्या विटा हें सर्व एका वहींत लिहिलें जातें. ती वही मालकाच्या हातीं असते. आणि ज्याच्या घामाचा तो हिशेब, त्यासच ती बहुधा वाचतां येत नाहीं. अंगावर बाकी निघाली असें सांगण्यांत आलें म्हणजे तो तें मान्य करितो, आणि पुढील हंगामास पुन्हां बांधला जातो. सर्वच मालक लबाड असतात असें आमचें म्हणणें नाहीं. प्रामाणिक मालकाची वहीही मजुरास तपासतां येत नाहीं, हीच खरी आपत्ति आहे. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें गुन्हा ठरली. परंतु जो आंकडा वाचूं शकत नाहीं, त्यास आपण कायद्यानें मुक्त आहों हें तरी कोण वाचून दाखविणार?

आणि हीच स्थिति पुढील पिढीस वारशानें मिळते. आमच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, पहिलें सत्र दिवाळीस संपतें. दुसरें सत्र सुरू होतें तेव्हां तीं मुलें आईबापांबरोबर भट्टीवर गेलेलीं असतात. पहिलें सत्र शाळेचें, दुसरें सत्र भट्टीचें, अशी ही वांटणी. चार वर्षें असें चाललें म्हणजे मुलाचें नांव हजेरीपटावर राहतें, परंतु अक्षर हातीं लागत नाहीं. मग तोही मोठेपणीं बयाण्यावर अंगठा उठवितो.

मजूर मिळणार नाहींत ही भीति फार जुनी आहे. सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या कष्टांतून येतो, परंतु विद्येवरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी मांडली, आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. १९११ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदे कौन्सिलांत आणलें, तेव्हां मजुरांचा तुटवडा पडेल ही शंका विरोधकांनीं काढलीच. मार्च १९१२ मध्यें तें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. त्यापूर्वींच, १९०६ सालीं, बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं संस्थानभर सक्ती लागू केली होती. १९१७ सालीं कोल्हापुरास शाहू महाराजांनीं तोच मार्ग धरिला. म्हणून त्या संस्थानांतील शेतें कांहीं ओस पडलीं नाहींत. सबंध देशांतील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस हा हक्क २००९ च्या कायद्यानें मिळाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस शाळेंत दाखल करून घेणें हें स्थानिक सत्तेचें कर्तव्य होय, असें त्या कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे.

यावर कोणी म्हणेल, आश्रमशाळेंत दहावी झालेला मुलगा ना शेताचा होतो ना कचेरीचा; त्यापेक्षां तो न शिकलेला काय वाईट? ही तक्रार अगदींच खोटी नाहीं. परंतु यांत दोष विद्येचा, कीं आमचा? ज्या कामाला आम्हीं मान ठेविला नाहीं, ज्याची मजुरी देतांना आम्ही घासाघीस करितों, आणि तें करणारास ओटीवर बसवीत नाहीं, तें काम त्यानें दोन अक्षरें येतांच सोडावें यांत नवल तें काय? शिकलेला मजूर काम सोडील असें नव्हे. तो हिशेब विचारील. आणि आमच्या पेढीवरच्या गृहस्थांची खरी भीति हीच तर नाहींना? मजुरी वाढेल, वीट थोडी महाग होईल, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु दुसऱ्याच्या अज्ञानामुळें जी वस्तु स्वस्त मिळते, तिची पुरी किंमत आम्हीं अद्याप दिलेलीच नसते.

उपाय सांपडत नाहीं म्हणावें, तर तो आमच्याच भागांत अनेकांनीं करून दाखविला आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि १९५७ पासून कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्या सोबतीनें तें आदिवासी पाड्यांपर्यंत नेलें. गुरांमागें जाणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तेव्हां ठाणें जिल्ह्यांत असलेलीं हीं गांवें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात. १९९० नंतरच्या दशकांत विधायक संसद या संस्थेनें वीटभट्ट्यांवरच वर्ग भरविले. भट्टीवरील खोपटास भोंगा म्हणतात, म्हणून त्यांस भोंगा शाळा हें नांव पडलें. आणि मुरबाड तालुक्यांतील फांगणे गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानें आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या, जन्मभर शेतांत राबलेल्या बायका गुलाबी लुगडीं नेसून, पाटी घेऊन तेथें बसल्या आणि सही करण्यास शिकल्या. त्यांस या वयांत कोणती नोकरी मिळावयाची होती? विद्येचें मोल केवळ पगारांत मोजणारांनीं त्या म्हाताऱ्यांकडे पाहावें. आपलें नांव आपल्या हातानें लिहितां येणें हा माणसाचा मान आहे. तो मान मिळण्यास सत्तर वर्षें लागावीं, ही मात्र आमची लाज आहे.

आतां करावयाचें काय? भट्टीमालकांनीं प्रत्येक जोडीस दर आठवड्याचा हिशेब मराठींत लिहून हातीं द्यावा, आणि वर्गासाठीं भट्टीवर एक सावलीची जागा राखावी. विटांचे ठोक गिऱ्हाईक असलेल्या ठेकेदारांनीं भाव ठरवितांना आणखी एक प्रश्न विचारावा: "मुलें शाळेंत जातात काय?" गिऱ्हाइकानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मालकास द्यावेंच लागतें, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. गांवच्या शिक्षकांनीं दिवाळीपूर्वींच जाणाऱ्या मुलांची यादी करावी, त्यांच्या हातीं शिक्षण हमी कार्ड द्यावें, आणि ज्यांस घरीं आजाआजीपाशीं ठेवतां येईल त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर करावी. भट्टीजवळच्या शाळेनें कागदपत्रांची वाट न पाहतां त्यांस आंत घ्यावें. यांत नवीन कायदा नको. आहे तो पाळला म्हणजे पुरे.

सगळेच शिकले तर कामें कोण करणार, याचें आमचें उत्तर सरळ आहे: कामें माणसेंच करतील, परंतु आपल्या कामाचा दाम त्यांस वाचतां येईल. दिवाळी सरली कीं वाड्यांच्या तोंडाशीं मालमोटारी येऊन उभ्या राहतात, आणि भांडींकुंडीं, कोंबड्या, मुलें एकाच वेळीं त्यांत चढतात. त्या मोटारी निघण्यापूर्वीं आपल्या ओळखीच्या एका तरी मालकास, एका तरी शिक्षकास वरील गोष्टींविषयीं बोलण्याचें आमच्या वाचकांनीं मनावर घ्यावें.