दहाव्या क्रमांकाचा सलामीवीर

क्रिकेटच्या जुन्या वार्षिकांत प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली बारीक टायपात एक ओळ असते. तो कोणकोणत्या संघांकडून खेळला, त्याची. लोक धावा पाहतात, सरासरी पाहतात. मी शाळकरी वयापासून ही ओळ वाचत आलो. बड्या खेळाडूंची ओळ बहुधा आखूड असते. विजय मांजरेकर अपवाद : मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र, असे रणजीतले सहा संघ. आणि चंदू सरवटे? मध्य प्रांत व वऱ्हाड, हिंदू, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, मध्य भारत, मध्य प्रदेश, विदर्भ. १९३६-३७ ते १९६८-६९. सोळाव्या वर्षी सुरू झालेला माणूस अठ्ठेचाळिशीत थांबला.

आमच्या उमरेडकडे क्रिकेटचा विषय निघाला की गाडी दोनच ठिकाणी थांबते. एक कर्नल सी. के. नायडू, कारण ते नागपुरात जन्मले. दुसरा उमेश यादव, कारण तो खापरखेड्याजवळच्या वलनीतल्या खाण कामगाराचा मुलगा, आणि उमरेडही कोळशाचंच गाव. या दोघांच्या मध्ये सरवटे येतात, हे नागपुरातल्या जाणत्यांनाही सांगावं लागतं. सांगितलं तरी ‘ते ओव्हलवाले ना?’ एवढ्यावर भागतं.

हो, ओव्हलवालेच. ती गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचकाचं लक्ष तिकडेच राहील.

११ मे १९४६. युरोपातलं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं आणि भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध सामना. भारतीयांचे ९ गडी २०५ धावांत बाद झाले. खेळपट्टीवर दहाव्या क्रमांकाचे सरवटे होते, अकराव्या क्रमांकावर आले शुटे बॅनर्जी. ओव्हलचा माळी म्हणे विजय मर्चंटना विचारायला आला होता, पुढच्या डावाआधी रोलर कोणता फिरवू म्हणून. त्याला बराच वेळ थांबावं लागलं. तीन तास दहा मिनिटांत या जोडीने २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१, एकूण ४५४. दहावा आणि अकरावा, दोघांनीही एकाच डावात शतक ठोकावं, असं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तोवर कधी घडलं नव्हतं. गोलंदाजी काही लल्लूपंजूंची नव्हती. सरेकडे अ‍ॅलेक बेडसर होता. पुढच्याच महिन्यात लॉर्ड्सवर त्याने कसोटी पदार्पणात भारताचे ११ बळी घेतले.

सामन्याचा उरलेला भाग सहसा कुणी सांगत नाही. सरेच्या पहिल्या डावात सी. के. यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू यांनी हॅट्ट्रिक केली. तेही नागपूरचेच. फॉलोऑननंतर सरेच्या दुसऱ्या डावात सर्वाधिक बळी कुणी घेतले? सरवट्यांनी, पाच. भारतीय ९ गडी राखून जिंकले. म्हणजे त्या सामन्यात सरवटे शेपटाकडचे फलंदाज नव्हते आणि नुसते गोलंदाजही नव्हते. पण दहाव्या क्रमांकावर उतरलेला माणूस शतक ठोकतो तेव्हा लोकांना चमत्कार दिसतो, फलंदाज दिसत नाही. माझ्या मते सरवट्यांचं सगळ्यात मोठं नुकसान या शतकानेच केलं.

कारण या शतकाच्या दोन-तीन महिने आधीचा कागद पाहा. १९४५-४६ च्या रणजी मोसमात होळकर विरुद्ध म्हैसूर, इंदूर. या सामन्याचा धावफलक मी जेवढ्या वेळा वाचला तेवढ्या वेळा कुठली कादंबरी वाचली नसेल. होळकर ८ बाद ९१२, डाव घोषित. कमल भांडारकर १४२, सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, भाऊसाहेब निंबाळकर १७२, प्रताप सिंह १००. एका डावात सहा शतकं. हा जागतिक विक्रम म्हणून सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात म्हैसूरचा पहिला डाव आहे. त्यात सरवट्यांनी ६१ धावांत ९ बळी घेतले. एकाच सामन्यात शतक आणि डावात नऊ बळी! दुसऱ्या कुठल्या संघात हे घडलं असतं तर सामन्याला त्या माणसाचं नाव पडलं असतं. इथे वरच्या ९१२ ने सगळं झाकून टाकलं. शतकवाला माणूस दोन-तीन महिन्यांत इंग्लंडला गेला आणि तिथे त्याला दहाव्या क्रमांकावर पाठवलं.

हे समजून घ्यायचं तर होळकर संघ समजून घ्यावा लागतो. सरवट्यांचा जन्म २२ जुलै १९२० चा, सागरचा. सागर तेव्हा मध्य प्रांतात, आणि प्रांताची राजधानी नागपूर. म्हणून रणजीतलं पहिलं दार मध्य प्रांत व वऱ्हाडचं. पण या संघाकडे खेळाडूंना धरून ठेवायला काही नव्हतं. सी. के. स्वतः १९२३ मध्येच संस्थानिक तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले होते, होळकरांच्या लष्करात हुद्दा घेऊन. क्रिकेट खेळायचं तर पोट भरायची सोय लागे. ती मुंबईत पेढ्या-कंपन्यांकडे होती आणि मध्य भारतात संस्थानिकांकडे. सरवटे पुण्याच्या बाजूने खेळले, मुंबईकडून खेळले, पंचरंगी स्पर्धेत हिंदूंच्या संघाकडून खेळले आणि शेवटी इंदूरला स्थिरावले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघाने रणजीची अंतिम फेरी दहा वेळा गाठली आणि चार वेळा जिंकली. सी. के., मुश्ताक अली, निंबाळकर, जगदाळे, सरवटे. अर्धा संघ मराठी बोलणारा. निंबाळकरांनी पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केले आणि तरी त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यांचीही संघांची ओळ लांबलचक आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये अशा फिरत्या खेळाडूंची एक जमातच असते. आउटफिल्डमध्ये उभा राहणारा, बरा मारणारा, पण एका क्लबने विकला म्हणून दुसऱ्या शहरात आणि तिथून तिसऱ्यात बिऱ्हाड हलवणारा. तिथे १९७५ पर्यंत करारातल्या एका कलमाने खेळाडू क्लबच्या मालकीचाच असे. क्लब सोडेल तेव्हाच तो हलणार. आपल्याकडे कलम नव्हतं, मालकही नव्हता. जिथे नोकरी तिथे संघ. खेळाडू मोकळा होता, पण उपाशी राहायला मोकळा. यांतलं बरं कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी पटकन उत्तर देणार नाही.

सरवट्यांनी मात्र नुसत्या खेळावर भरवसा ठेवलेला दिसत नाही. कायद्याचं शिक्षण घेतलं, आणि पुढे ते अंगठ्यांच्या ठशांचे तज्ज्ञ झाले. दोन ठसे शेजारी ठेवून माणूस कोण हे ओळखणारा हा गृहस्थ मैदानावर ऑफब्रेक टाकायचा आणि लेगब्रेकही. फलंदाजाने कोणत्या खुणेवरून ओळखायचं? चरित्रकारांनी या धंद्यावर दोन ओळींपलीकडे खर्च केला नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. मुंबईच्या एखाद्या खेळाडूचा असा जोडधंदा असता तर त्यावर एव्हाना नाटक आलं असतं.

आता कसोट्यांकडे. इथे पळत जाऊ, कारण आकडे वाचवत नाहीत : ९ कसोट्या, २०८ धावा, सरासरी १३, सर्वोच्च ३७. बळी तीन, प्रत्येकी १२४ धावांच्या भावाने. एवढं वाचून लोक पुस्तक मिटतात. पण हे आकडे कसे जमले ते बघा. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये एक कसोटी. १९४७-४८ मध्ये लाला अमरनाथच्या संघातून ऑस्ट्रेलियात पाचही कसोट्या, समोर ब्रॅडमनचा संघ. वर्षा-दीड वर्षापूर्वी ज्याला दहावा पाठवलं त्याला आता सलामीला धाडलं! मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत विनू मांकडबरोबर त्याने पहिल्या गड्यासाठी १२४ धावा जोडल्या. मांकड ११६, सरवटे ३६. मांकडचं शतक सगळ्यांना आठवतं, दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं ते नाही. त्यानंतर मायदेशी वेस्ट इंडिजविरुद्ध दोन कसोट्या, १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध एक, आणि बस. ज्याची जागा ठरलेली नाही, त्याची सरासरीही ठरत नाही. त्याच मुदतीत, १९५०-५१ मध्ये, बंगालविरुद्ध त्यांनी होळकरांसाठी २४६ केले. प्रथम श्रेणीतला पूर्ण हिशेब असा : १७१ सामने, ७४३० धावा, १४ शतकं, ४९४ बळी, तेही प्रत्येकी साडेतेवीसच्या भावाने. हा कामचलाऊ माणसाचा हिशेब नव्हे.

जोडीदार बॅनर्जींची कथा तर याहून कडू आहे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते होते. शेवटच्या कसोटीत ते खेळणार असं ठरल्यासारखं होतं, पण संधी बाका जिलानींना मिळाली. जिलानींनी न्याहारीच्या टेबलावर सी. के. नायडूंचा सर्वांसमक्ष अपमान केला आणि कर्णधार विजयनगरमच्या महाराजकुमारांनी त्याचं बक्षीस म्हणून कसोटी दिली, ही गोष्ट क्रिकेटच्या कितीतरी पुस्तकांत येते. महाराजकुमारांचं आणि सी. कें.चं वैर पाहता ती खोटी मानायला मी तयार नाही. १९४६ मध्ये ओव्हलवर शतक काढूनही बॅनर्जींना दौऱ्यात कसोटी नाहीच. ती मिळाली १९४९ च्या फेब्रुवारीत, मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. पाच बळी घेतले. ती पहिली आणि शेवटची.

१९५५ नंतर होळकर संघ राहिला नाही. संस्थानं आधीच विलीन झाली होती. सरवटे मध्य भारताकडून, मग मध्य प्रदेशाकडून, पुढे विदर्भाकडून खेळले. सीमा बदलत गेल्या, प्रांतांची नावं बदलत गेली आणि हा माणूस प्रत्येक नव्या नावाच्या टोपीखाली गोलंदाजी करत राहिला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय निवड समितीत होते. १९८३ च्या विश्वचषकाचा संघ निवडणाऱ्यांत त्यांचंही नाव आहे. २३ डिसेंबर २००३ रोजी इंदुरात ते गेले. जाता जाता एक खुलासा : इंदूरचं सरवटे बसस्थानक यांच्या नावाचं नाही. ते तात्यासाहेब सरवट्यांचं.

नोकरीमागे फिरणं आता संपलं, असं समजू नका. फक्त त्याला बरे पैसे मिळतात. नागपूरच्या फैज फजलने विदर्भाकडून पदार्पणात १५१ केले, मध्ये रेल्वेकडून खेळला, परत आला, उन्हाळ्यात इंग्लंडच्या लीगमध्ये खेळला. इराणी करंडकात शेष भारताने मुंबईविरुद्ध ४८० चा पाठलाग केला, त्यात त्याच्या १२७ धावा होत्या. जून २०१६ मध्ये, तिशी उलटल्यावर, हरारेला एकच एकदिवसीय सामना मिळाला. त्यात नाबाद ५५. पुन्हा बोलावणं नाही. त्यानंतर कर्णधार म्हणून त्याने विदर्भाला लागोपाठ दोन रणजी जिंकून दिल्या, त्यातली पहिली इंदुरात, होळकर स्टेडियमवर. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रविरुद्ध ११ बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे. आणि २०२५ मध्ये नागपूरच्या जामठ्याला विदर्भाने तिसरी रणजी जिंकली तेव्हा हाच आदित्य समोरच्या केरळ संघात होता. त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. त्याच सामन्यात विदर्भाकडून ८६ आणि १३५ करणारा करुण नायर मूळचा कर्नाटकाचा. चंदू सरवट्यांना यात काहीच नवल वाटलं नसतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फजलने निवृत्ती घेतली. त्याच महिन्यात मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या जोडीने बडोद्याविरुद्ध शतकं ठोकली. नाबाद १२० आणि १२३. असं घडण्याची ही दुसरीच वेळ, म्हणून वर्तमानपत्रांना सरवटे-बॅनर्जींचा फोटो शोधावा लागला. मुंबईच्या जोडीची भागीदारी २३२ वर थांबली. ओव्हलच्या २४९ ला सतरा कमी.

विदर्भाचं क्रिकेट १९५७-५८ च्या पहिल्या रणजी सामन्यापासून मोजायची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ नागपूरच्या राजधानीचाच संघ होता, आणि त्याची सर्वांत मोठी देणगी सरवटे आहेत. त्यांच्या ओळीत मध्य प्रांत व वऱ्हाडही आहे आणि विदर्भही. विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे माझं मागणं एवढंच : जामठ्याच्या किंवा सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर कुठेतरी तो म्हैसूरविरुद्धचा धावफलक लावा. पूर्ण लावा, खालच्या अर्ध्या भागासकट.