शिकाऱ्यांच्या रानात लांडगा

लेखमाला : परतलेले लांडगे (लेखांक ४)

मागच्या लेखांकात आपण मोंटाना आणि आयडाहो या अमेरिकी राज्यांतल्या पशुपालकांचं म्हणणं समजून घेतलं. लांडग्यानं वासरू मारलं तर नुकसान मोजता येतं, पंचनामा होतो, भरपाई ठरते. शिकाऱ्यांचा हिशेब इतका सरळ नाही. लांडगा त्यांच्या गोठ्यात शिरत नाही. ते ज्या रानात उतरतात तिथेच तो राहतो आणि ते ज्या जनावराच्या मागावर असतात, त्याच्याच मागावर तोही असतो. म्हणून सगळे शिकारी लांडग्याच्या विरोधात असतील, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यातच टोकाचे मतभेद आहेत, आणि लांडग्याचं पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी त्या मतभेदांवर ठरणार आहे.

आधी तिथली व्यवस्था ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत ती परवान्यानं, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत करता येते. वन्यप्राणी जमीनमालकाचा नसतो; तो जनतेचा आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त, असं तिथलं तत्त्व आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. परवान्यांचं शुल्कही तिथेच जातं. आपल्या पैशावर रान उभं आहे, असं तिथला शिकारी म्हणतो ते यामुळे.

त्याच्या अभिमानाला आणखी एक आधार आहे. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातड्यांच्या बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली. रानरेडे संपत आले, एल्क हे सांबरापेक्षाही भारदस्त हरीण बहुतेक मुलखातून नाहीसं झालं. त्या वेळी शिकाऱ्यांनीच स्वतःला आवर घालायचं ठरवलं. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला. बाजारासाठी मारायचं नाही, हंगाम पाळायचा, जनावराला निसटायची खरीखुरी संधी द्यायची, ही शिस्त तिथून रुजली. तिला ते ‘फेअर चेस’ म्हणतात. मात्र या शिस्तीत लांडग्याला जागा नव्हती. मोंटानात १८८४पासून त्याच्या डोक्यावर सरकारी इनाम होतं. १९२६पर्यंत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलेही लांडगे संपवले गेले. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील आणि हरणं वाढली की शिकार वाढेल, असा तो हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा आहे हे सांगणारा पहिला मोठा आवाजही शिकाऱ्याचाच होता. आल्डो लिओपोल्ड १९०९मध्ये ॲरिझोनात तरुण वनाधिकारी होता. तिथे त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी एका लांडगिणीवर गोळ्या झाडल्या. पुढे लांडग्यांविना वाढलेली हरणं डोंगरच्या डोंगर ओरबाडून टाकताना आणि मग उपासमारीनं मरताना त्यानं पाहिली. १९४४मध्येच त्यानं यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणण्याचा विचार मांडला. त्या लांडगिणीवरचा त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १९४९मध्ये निघालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात आहे. शिकार मात्र त्यानं सोडली नाही.

मुकं झालेलं रान

१९९५ आणि १९९६मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये आणि ३५ लांडगे मध्य आयडाहोत सोडले गेले. त्यानंतर शिकाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. त्या समजून घ्यायच्या तर सप्टेंबरमधली एल्कची शिकार डोळ्यांपुढे आणावी लागते.

सप्टेंबरात एल्क माजावर असतात. पहाटे नर हाळी देतो. आधी घोगरा सूर, मग चढत जाणारी कर्कश शीळ आणि शेवटी खोल हुंकार. धनुष्यबाणानं शिकार करणारा माणूस टाळूला रबराची पातळ पडदी चिकटवून लांब नळीतून हुबेहूब तसाच आवाज काढतो. आपल्या माद्यांवर कुणी परका नर चालून आला असं समजून खरा नर चवताळतो, उत्तर देतो, झाडांवर शिंगं घासत जवळ येतो. पंचवीस-तीस पावलांवर आला की बाण सोडायचा. तेवढ्यात वारा फिरला आणि माणसाचा वास गेला, की दिवसाची मेहनत पाण्यात. शिकार साधली तर एका मादीचं साठ-सत्तर किलो मांस घरच्या फ्रीझरमध्ये जातं आणि कुटुंब हिवाळाभर ते खातं.

अनेक शिकारी सांगतात की लांडगे आल्यापासून हे रान मुकं झालं. एल्क पूर्वीसारखे हाळी देत नाहीत, मोकळं कुरण सोडून दाट झाडीत राहतात, वडिलांनी दाखवलेल्या खिंडीत आता माग लागत नाही. शिकारी मोहिमा चालवून पोट भरणाऱ्यांना तर गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते. यलोस्टोनच्या उत्तरेकडच्या एल्क कळपाचे आकडे त्यांच्या तोंडावर असतात. १९९४च्या हिवाळी गणतीत सुमारे १९,००० असलेले एल्क २०१३मध्ये ४,०००च्याही खाली आले.

आकडे खरे आहेत, पण सगळं खापर लांडग्यावर फोडता येत नाही. १९९६-९७चा हिवाळा जीवघेणा होता. पुढे दुष्काळ पडला. अस्वलं आणि प्युमाही वाढले होते आणि अस्वलं एल्कची नवजात पाडसं मोठ्या प्रमाणावर मारतात. शिवाय उद्यानाबाहेर उतरणाऱ्या माद्यांच्या शिकारीसाठी दर हिवाळ्यात हजाराहून अधिक परवाने दिले जात होते आणि लांडगे आल्यावरही काही वर्षं ते चालूच राहिले. आयडाहोतल्या लोलो भागाची गोष्ट अशीच गुंतागुंतीची आहे. तिथले १९८०च्या दशकाअखेरचे सुमारे १६,००० एल्क २०१०पर्यंत दोन हजारांच्या आसपास आले. पण ही घसरण लांडगे पोचायच्या आधीच सुरू झाली होती. १९१०च्या महावणव्यानंतर तिथे झुडपांची कुरणं तयार झाली होती आणि त्यांच्यावरच एल्क पोसले होते. पुढे आगी विझवण्याचं धोरण आलं, झुडपांच्या जागी उंच झाडी माजली आणि चारा गेला. खचलेल्या कळपाला पुन्हा वर येऊ न देण्यात लांडग्यांचा वाटा आहे, हेही तितकंच खरं.

दुसरीकडे, मोंटाना आणि वायोमिंगमध्ये राज्यभराचा हिशेब मांडला तर लांडगे आल्यानंतरच्या काळात एल्क संपलेले नाहीत. कित्येक भागांत ते खात्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्तच आहेत. म्हणजे राज्याचा आकडा सांगणारा जीवशास्त्रज्ञ आणि आपल्या खोऱ्यातलं रान ओस पडल्याचं सांगणारा शिकारी, दोघंही खरं बोलत असू शकतात.

एक प्रवाद मात्र टिकत नाही. सोडलेले लांडगे ‘कॅनेडियन’ आहेत, मूळच्यांपेक्षा आडदांड, परक्या जातीचे आहेत, असं अनेक जण मानतात. लांडग्यांना आंतरराष्ट्रीय सीमा माहीत नसते. ते कॅनडातून आपल्या पायांनी मोंटानात येतच होते. १९८६मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात त्यांनी पिल्लंही घातली होती, ट्रकमधून पहिला लांडगा उतरवण्याच्या नऊ वर्षं आधी.

मधली फळी

लांडगा नकोच म्हणणारे आणि त्याला हातही लावू नका म्हणणारे यांच्यामध्ये शिकाऱ्यांची एक मोठी फळी आहे. लांडगा राहू दे, पण बाकीच्या जनावरांसारखा त्याचाही हंगाम असू दे आणि निर्णय राज्याला घेऊ दे, अशी तिची भूमिका. रॉकी माउंटन एल्क फाउंडेशनसारखी मोठी संस्थाही राज्यांच्या व्यवस्थापनाची आणि नियंत्रित शिकारीची बाजू घेते. मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंग मिळून ३० प्रजननक्षम जोड्या आणि ३०० लांडगे हे पुनर्वसनाचं किमान लक्ष्य होतं. ते या शतकाच्या सुरुवातीलाच गाठलं गेलं, तरी न्यायालयीन लढाया चालूच राहिल्या. २००९मध्ये मोंटाना-आयडाहोत पहिली कायदेशीर शिकार झाली, २०१०मध्ये न्यायालयानं संरक्षण पुन्हा लागू केलं आणि २०११मध्ये अमेरिकी काँग्रेसनं अर्थसंकल्पी विधेयकात कलम घालून ते काढलं. आपल्याला दिलेला शब्द दर वेळी फिरवला जातो, ही शिकाऱ्यांची सल या काळातली आहे. ती खोटी नाही.

शिकारीची मुभा मिळाली की लांडग्याबद्दलचा राग निवळेल, असंही ही फळी म्हणते. विस्कॉन्सिनमधल्या पाहण्यांत तसं दिसून आलेलं नाही. तरी या भूमिकेतली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोंटानात लांडग्यांचा अंदाज काढताना दर वर्षी हरणांच्या शिकाऱ्यांना विचारलं जातं की लांडगे दिसले का, कुठे दिसले, किती होते. त्यांच्या उत्तरांवर गणिती प्रारूप बेततात. शिकाऱ्यांचा विश्वास उडाला तर व्यवस्थापनाचे डोळेच जातील.

वाद पद्धतीचा

खरी फूट पडली ती २०२१मध्ये. आयडाहोच्या विधिमंडळानं लांडग्यांच्या शिकारीवरची संख्येची मर्यादा उठवली, खाजगी जमिनीवर वर्षभर सापळे लावायची मोकळीक दिली. राज्याच्या मत्स्य आणि शिकार आयोगाचाच या विधेयकाला विरोध होता, कारण अभ्यास करून हंगाम ठरवण्याचं त्याचं काम राजकारण्यांनी हातात घेतलं होतं. मोंटानात गळफासांना, आमिषाला आणि खाजगी जमिनीवर रात्रीच्या शिकारीला परवानगी मिळाली. लांडगा मारणाऱ्याला त्याचा खर्च परत देण्याची सोयही झाली. १८८४चं इनाम नव्या नावानं परत आलं, असं म्हणून त्यावर टीका करणाऱ्यांत शिकारीही होते. यलोस्टोनच्या सीमेलगतचा कोटाही तेव्हा काढून टाकला गेला. त्या हिवाळ्यात उद्यानातले सुमारे २५ लांडगे सीमेबाहेर पाऊल टाकताच मारले गेले आणि फँटम लेक नावाची टोळी संपली. उद्यानात वर्षानुवर्षं पर्यटकांना सरावलेला लांडगा माणसाला पाहून पळत नाही. अशा जनावराला सीमारेषेवर बसून टिपण्यात कसली शिकार, असा प्रश्न जुन्या वळणाच्या शिकाऱ्यांनी केला. पुढच्या हंगामात तिथे पुन्हा मर्यादा घालावी लागली.

विस्कॉन्सिनमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत काय झालं तेही पाहण्याजोगं आहे. राज्याच्या परवानाधारकांसाठी कोटा होता ११९ लांडग्यांचा. तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले. बर्फात ताजे माग आणि मागावर कुत्र्यांची टोळकी, यामुळे खातं हंगाम बंद करेपर्यंत आकडा हाताबाहेर गेला. उरलेले ८१ लांडगे ओजिब्वे या आदिवासी राष्ट्रांच्या वाट्याचे होते. ओजिब्वे लोकही पिढीजात हरणांचे शिकारी. पण त्यांच्या उत्पत्तिकथेत पहिला माणूस आणि लांडगा, म्हणजे मइंगन, भावासारखे पृथ्वीवर हिंडले. दोघांचं नशीब एक, असं ते मानतात. त्यांनी आपला वाटा मारायचा नाही, राखायचा असं ठरवलं होतं. तो राखलेला वाटाही दुसऱ्यांच्या गोळ्यांत गेला. शिकारी कोण आणि शिकाऱ्यांचं मत कोणतं, हा प्रश्न इथे फार टोकदार होतो.

आणि वायोमिंग. या राज्याच्या सुमारे ८५ टक्के भागात लांडगा ‘उपद्रवी’ ठरतो. तिथे त्याला परवान्याशिवाय, केव्हाही मारता येतं. २०२४च्या फेब्रुवारीत एका माणसानं लांडग्याला बर्फावरच्या गाडीनं चिरडून अर्धमेलं केलं, त्याचं तोंड चिकटपट्टीनं बांधलं, त्याला दारूच्या गुत्त्यात नेऊन मिरवलं आणि मग ठार केलं. त्याला तेव्हा झाला तो २५० डॉलरचा दंड, तोही जिवंत वन्यप्राणी ताब्यात ठेवल्याबद्दल. देशभरातल्या शिकाऱ्यांनी या क्रौर्याचा धिक्कार केला. हेच एखाद्या एल्कच्या बाबतीत घडलं असतं तर परवाना, बंदूक, गाडी सगळंच धोक्यात आलं असतं. शिकारीचा प्राणी आणि उपद्रवी प्राणी यांच्यातलं अंतर एवढं आहे.

मग मार्ग कोणता?

मला वाटतं, लांडग्याची शिकार व्हावी की नाही, या एकाच प्रश्नाभोवती आपण अडकून पडू नये. मोंटानात दशकाहून अधिक काळ शिकार होऊनही लांडग्यांची संख्या हजाराच्या वर राहिली आहे. नियमात राहिलेली शिकार त्यांना संपवत नाही, हे मान्य करायला हवं. धोका आहे तो द्वेषातून आखलेल्या पद्धतींचा. एल्क परत आले ते शिकाऱ्यांनी स्वतःवर घातलेल्या बंधनांमुळे. हंगाम, कोटा, कोटा भरताच हंगाम बंद, गाडीखाली चिरडायचं नाही, रात्री आमिषावर मारायचं नाही. हीच बंधनं लांडग्याला लागू केली तर तो रानाचा घटक ठरतो, नाही केली तर शत्रू. ही मागणी शहरातल्या प्राणिप्रेमींनी केली की ती बाहेरची ठरते. शिकाऱ्यांनी केली की घरातली. म्हणून फेअर चेसचा आग्रह धरणाऱ्या शिकाऱ्यांना बळ मिळायला हवं. आणि लोलोच्या शिकाऱ्याची तक्रार हसण्यावारी न नेता झुडपांची कुरणं पुन्हा उभी करण्याचं कामही व्हायला हवं, कारण त्याचं दुःख खरं आहे आणि त्यावरचा इलाजही नुसता बंदुकीत नाही.

लांडग्यांसाठी हे नियम कोण लिहिणार, हा प्रश्न सध्या कोलोराडोत ऐरणीवर आहे. तिथे लांडगे आणायचे की नाही हे २०२०मध्ये थेट मतदारांनी, निसटत्या बहुमतानं ठरवलं. शहरांनी कौल दिला आणि लांडगे उतरले ग्रामीण, डोंगराळ भागात. डिसेंबर २०२३मध्ये ओरेगॉनहून आणलेले पहिले दहा लांडगे तिथे सोडले गेले. मतपेटीतून आलेल्या लांडग्याला तिथला शिकारी कसा स्वीकारतोय, ते पाहू या.

(पुढील लेखांक : कोलोराडोचा कौल)