विहिरीपासून व्हॉयेजरपर्यंत

११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. आपल्या या सहलीतला सगळ्यात किरकोळ आकडा हाच, म्हणून सुरुवात इथून. पुण्याहून येताना सातारा शहर लागायच्या आधीच महामार्ग सोडायचा आणि लिंब गावात शिरायचं. तिथं आहे बारामोटेची विहीर. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात श्रीमंत विरूबाई भोसले यांनी ती बांधली, असं शिलालेख सांगतो. वरून पाहिली तर शिवपिंडीचा आकार. पायऱ्या उतरलात की दगडी शरभ डोळे वटारून बघतात, आणि मधोमध, पाण्याच्या डोक्यावर, चक्क बसायचा महाल! काठावर पंधरा थारोळी, चालायच्या बारा मोटा. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? आंब्याच्या ३,३०० झाडांसाठी.

काठोकाठ भरली तर या विहिरीत साधारण २ लाख १६ हजार घनफूट पाणी मावेल. म्हणजे ६१ लाख लिटर. वीस-वीस लिटरचे जार भरत बसलात तर तीन लाखांहून जास्त जार लागतील. हे आपलं पहिलं माप: एक विहीर.

दुसरं माप सांगली जिल्ह्यातलं, मिरज जंक्शनवरचं. एप्रिल २०१६. लातूरचे नळ कोरडे पडले आणि मिरजेहून पाण्याची गाडी सुटली, जलदूत. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. अशी गाडी इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत साधारण साडेसहाशे मीटर भरते. शेजारून चालायला लागलात तर आठ मिनिटं चालाल. लिंबची एक विहीर उपसून न्यायची तर अशा जवळजवळ अडीच गाड्या हव्यात. गच्चीवर हजार लिटरची टाकी असलेल्या माणसाला दोन्ही मापं राक्षसी वाटतील. वाटू द्या. थोड्याच वेळात ती मोहरीएवढी होणार आहेत.

पाठीवर सॅक टाका, एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढा (चार दिवसांचा मिळतो, सात दिवसांचाही मिळतो) आणि महाबळेश्वर गाठा. स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायला नव्हे, तीही खा, पण मुख्य म्हणजे भिजायला. जुलै २०२१ मध्ये इथं चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. लंडनला जेवढा पाऊस वर्षभर पिरपिरत पडतो, तेवढा एका दिवसात! एका एकरावर किती झाला? २४ लाख लिटर. म्हणजे एकेका एकरावर एकेक जलदूत गाडी जवळपास सगळी रिकामी केली. तुमच्या बापजाद्यांची पाच एकर जमीन असेल तर मनातल्या मनात पाच गाड्या ओता तिच्यावर. एका दिवसात.

आणि आता पूर्वेला चला. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. माणदेशात, दहिवडीला किंवा सांगलीतल्या आटपाडीला, वर्षाला कसाबसा पाचशे. म्हणजे महाबळेश्वरात एका दिवसात पडला तेवढासुद्धा नाही. मुंबईहून निघालेला माणूस पुण्याला पोचायच्या आत जेवढं अंतर कापतो, तेवढ्यात पाऊस दहा पटींनी आटतो. सकाळी रेनकोट घालून एसटीत चढायचं आणि दुपारी बाभळीच्या सावलीत उतरायचं. ही गंमत दुसऱ्या कुठल्या हिल स्टेशनच्या पॅकेजात मिळते?

महाबळेश्वरलाच कृष्णेचा हट्ट बघा. उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६४ किलोमीटर. बाई तिकडं पाठ फिरवतात आणि बंगालच्या उपसागराकडं निघतात. सुमारे १,४०० किलोमीटर! मुंबई-पुणे रेल्वेमार्ग १९२ किलोमीटरचा. तो सात वेळा कापा, तेवढा हा वळसा.

कास पठारावर सप्टेंबरात जायचं, शनिवार-रविवार टाळून आणि आधी ऑनलाइन बुकिंग करून. दहा चौरस किलोमीटर कातळ, त्यावर माती जेमतेम काही इंच, आणि त्या चिमूटभर मातीत फुलझाडांच्या साडेआठशे जाती. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं ते उगीच नाही. उभ्याउभ्या बघाल तर नुसता गुलाबी-पांढरा-पिवळा गालिचा दिसेल. पायवाटेच्या कडेला उकिडवे बसा. तेरड्याच्या पायाशी करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी फुलं दिसतील, सीतेची आसवं. नाव इतकं करुण, आणि झाड मात्र मांसाहारी! मुळाशी सूक्ष्म पिशव्या लावून बारीक जीव गट्ट करतं. शेजारी गेंदाची पांढरी बटणं, सोनकी, आणि पोरं जिला मिकी माऊस म्हणतात ती स्मिथिया. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना दंड होतो, आणि व्हायलाच हवा.

फुलं एकूण किती? निम्मा कातळ उघडा धरू, उरलेल्या जागेत चौरस मीटरला शंभर फुलं धरू. झाली ५० कोटी. सेकंदाला एक फूल या वेगानं, न जेवता न झोपता मोजायला लागलात तर पंधरा वर्षं आणि दहा महिने. पहिलीतलं पोर मोजायला बसवलं तर बी.ए. होऊन एम.ए.च्या वर्गात जाईल तेव्हा शेवटचं फूल मोजून होईल. तोवर पठारावर पंधरा बहर येऊन गेलेले असतील, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून! जवळच भांबवलीचा वजराई धबधबा आहे, १,८४० फूट. लिंबच्या सोळा-सतरा विहिरी एकीवर एक उभ्या करा, तेवढा.

आणि आता कोयना. जरा दम घ्या.

१०३ मीटर उंच धरण. कुतुबमिनार पुढ्यात ठेवला तर त्याच्या डोक्यावरून तीस मीटर जास्तच. पाठीमागं शिवसागर जलाशय. पावसाळा सरल्यावर बामणोलीहून याच पाण्यातून लाँचनं वासोट्याला जायचं असतं, वनखात्याची परवानगी काढून. लाँच तासाभराहून जास्त चालते आणि दोन्ही काठांना नुसतं जंगल. त्या तासाभरात बोटीतल्या मित्रमंडळींकडून पुढचा हिशेब करून घ्या, कारण मोबाइलला रेंज नसणार आणि गाणी संपलेली असणार.

कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बातम्यांत हा शब्द आपण इतका ऐकतो की त्याचं काही वाटेनासं झालंय. लिंबच्या विहिरीत मोजा: एका टीएमसीला ४,६०० विहिरी. सबंध कोयनेला ४ लाख ८७ हजार विहिरी! काठाला काठ लावून एका ओळीत खणत गेलात तर ७,४०० किलोमीटर. मुंबईहून सुरुवात केली तर लंडन मागं पडेल.

लिटरमध्ये बघायचं? दोन लाख ९८ हजार कोटी लिटर. स्टॅंडवर मिळते त्या वीस रुपये लिटरच्या बाटलीच्या भावानं विका: जवळजवळ साठ लाख कोटी रुपये! भारत सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. रेल्वे, फौज, रस्ते, पगार, व्याज, सगळं भागवून वर नऊ लाख कोटी शिल्लक.

जलदूत गाडीनं न्यायचं? अकरा लाख ९२ हजार गाड्या. रोज एक गाडी सोडली तर ३,२६५ वर्षं. आज शेवटची गाडी सुटायची असेल तर पहिली गाडी गौतम बुद्धांच्या जन्माआधी सहा-सातशे वर्षं हलायला हवी होती. आणि या सगळ्या गाड्या एकमेकींना जोडल्या तर? पावणेआठ लाख किलोमीटर. चंद्र पावणेचार लाखांच्या थोडा पुढं आहे. म्हणजे गाडी चंद्रावर जाऊन परत कोयनानगरला येते आणि तरी काही वाघिणी उरतात!

पूर चढला की बातम्यांत ‘लाख क्युसेक’ येतं. सेकंदाला एक लाख घनफूट. सेकंदाला एक जलदूत आणि वर थोडी. विरूबाईंनी पाच वर्षं खपून बांधलेली विहीर दोन-सव्वादोन सेकंदांत भरते. तुम्ही ‘बारामोटेची’ म्हणेपर्यंत.

आणि हे पाणी पुढं कुठं जातं ते सांगलीत आयर्विन पुलावर उभं राहून बघा. १९२९ सालचा हा पूल म्हणजे सांगलीकरांचा थर्मामीटर. पावसाळ्यात नमस्कार-चमत्काराऐवजी ‘आयर्विनला किती फूट?’ असंच विचारतात. पन्नाशीच्या तिथं माणूस बोलताबोलता गप्प होतो. पंचेचाळीसला धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये साडेसत्तावन फूट! पाच मजली इमारतीएवढं पाणी. पुलाखाली कृष्णा गुडघाभर दिसत असताना मान वर करून त्या उंचीकडं एकदा बघून घ्या. मग हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली, जमलं तर सागरेश्वर आणि चांदोलीचं जंगल. चांदोली-कोयना मिळून झालेला सह्याद्री व्याघ्रप्रकल्प ११६५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन मुंबई. तिथं आकड्यांपेक्षा डोळे उघडे ठेवलेले बरे, म्हणून पुढं सरकतो.

कारण खरा आकडा पायाखाली आहे.

महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटवर समोरच्या कड्याकडं नीट बघा. आडव्या पट्ट्या दिसतील, पायरीवर पायरी. त्या एकेका लाव्ह्याच्या थराच्या आहेत. हे सगळं ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं, डायनोसॉर संपले त्या सुमाराचं. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, म्हणजे लिंबच्या नव्वद विहिरी एकीखाली एक. पहिले सव्वा किलोमीटर काय लागलं? काळा दगड, काळा दगड, आणि काळा दगड.

६ कोटी ६० लाख वर्षं कशी कळायची? मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर ती पसरा. सीएसएमटीला लाव्हा उसळायला लागतो. भायखळा यायच्या आत सह्याद्रीचं ओतकाम संपतं. दादर, कल्याण, कर्जत, सगळा घाट, लोणावळा, तळेगाव, चिंचवड, शिवाजीनगर… माणसाचा पत्ता नाही. पुणे स्टेशन पाऊण-एक किलोमीटरवर आलं, गाडी आउटर सिग्नलला रेंगाळली, तेव्हा कुठं आपल्या जातीचा पहिला माणूस दिसतो. शिवराज्याभिषेक शेवटच्या एका मीटरवर. कोयना धरण वीतभर अंतरावर. आणि तुमची वीस वर्षं? चार बोटं.

लाव्हा किती ओतला गेला? दहा लाख घनकिलोमीटरच्या घरात, असं भूवैज्ञानिक म्हणतात. हे ते कसं काढतात ते त्यांनाच विचारा, आपण विश्वास ठेवू आणि गुणाकार करू. अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर सव्वातीन किलोमीटरचा थर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी जेमतेम शेंडा बाहेर. कोयना धरण काठोकाठ भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं, असं ३ लाख ३५ हजार वेळा!

आणि मिरजेच्या गाडीत भरला तर? (रेल्वे परवानगी देणार नाही, वाघिणी वितळतील, तरीही.) चाळीस हजार कोटी गाड्या. सगळ्या जोडा. लांबी २६ हजार कोटी किलोमीटर. सूर्य पंधरा कोटींवर, तो कधीच मागं पडला. नेपच्यून साडेचारशे कोटींवर, तोही गेला. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ यान इतकी वर्षं पळून अडीच हजार कोटींच्या आसपास पोचलंय. आपल्या गाडीचा एक दशांशसुद्धा त्यानं पार केलेला नाही. मिरजेच्या फलाटावर गार्डानं हिरवा दिवा दाखवला, आणि प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळत सुटला, तरी इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरला तो दिवा दिसायला दहा दिवस लागतील!