कोपऱ्यातलं शिशाचं अक्षर

"छाती टेका, खांदे पुढे, श्वास भरा, धरून ठेवा." एक्स-रे टेक्निशियनचं हे बोलणं धुळ्यात ऐका की जळगावात, चाल एकच. फोटो काढण्याआधी तो आणखी एक काम करतो, पण श्वास धरण्याच्या गडबडीत आपलं तिकडे लक्ष नसतं. कॅसेटच्या कोपऱ्यात तो शिशाचं एक अक्षर ठेवतो, 'आर' नाहीतर 'एल'. उजवी बाजू कोणती नि डावी कोणती, हे नंतर डॉक्टरांना कळावं म्हणून. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे फोटोत ते पांढरंफटक उमटतं. आता बऱ्याच ठिकाणी संगणकावरच हे अक्षर टाकतात, पण असतं ते असतंच. या लेखाचा नायक ते अक्षर आहे.

छातीचा फोटो आधी यंत्रानं वाचावा, ही कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये सांगितलं, की १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांची क्षयरोगासाठी चाळणी करताना फोटो वाचायला माणसाच्या जागी संगणक चालेल. आपल्याकडे ७ डिसेंबर २०२४ पासून क्षयरोगाची १०० दिवसांची मोहीम निघाली, तिच्यात हातात उचलून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आणि त्यांच्या जोडीला ही कृत्रिम बुद्धिमत्ता होती. मुंबईतली क्यूअर डॉट एआय ही कंपनी २०१६ पासून याच कामात आहे. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथल्या पाड्यावरच्या माणसाला फोटोसाठी तालुक्याला जायचं तर एक मजुरी बुडते, आणि फोटो निघाला तरी तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी. अशा ठिकाणी यंत्रच माणसाकडे गेलं तर त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

यंत्र 'टीबी आहे' असं म्हणत नाही. ते शून्य ते एक यांमधला एक आकडा देतं. कुठल्या आकड्यापुढे संशय धरायचा ती रेघ माणसांनी आखायची, आणि सगळी गोम त्या रेघेत आहे. समजण्यापुरता हिशेब करू. शिबिरात हजार माणसं आली, त्यांतल्या दहांना खरोखर टीबी आहे. यंत्रानं नऊ पकडले, एक सुटला. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्क्यांवर उगीच संशय घेतला, म्हणजे ९९. एकूण १०८ जणांचा बेडका तपासायला गेला. हजार बेडके तपासण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त. सुटलेला एकही नको म्हणून रेघ खाली आणली, तर संशयितांची रांग दारापर्यंत जाते. शेवटचा निकाल बेडक्याच्या तपासणीचाच. ती आता ट्रूनॅटसारख्या छोट्या यंत्रावर होते, आणि ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे. एकदा टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुप्फुसावर व्रण राहतो, त्यानंही हे वाचक-यंत्र फसतं. म्हणून "आधी कधी सहा महिन्यांच्या गोळ्या खाल्ल्या होत्या का?" हा प्रश्न विचारणाऱ्या आशाताईचं काम संपत नाही.

आता अक्षराकडे. या यंत्राला कुणी 'असा डाग म्हणजे आजार' असे नियम शिकवलेले नसतात. हजारो, लाखो फोटो दाखवायचे, प्रत्येकाबरोबर फक्त उत्तर सांगायचं. खूण त्यानं स्वतः शोधायची. कोणती खूण शोधली, ते आपल्याला विचारत नाही आणि सांगतही नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेत जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी याची झाडाझडती घेतली. न्यूमोनिया ओळखणारी यंत्रणा, तीन रुग्णालय-व्यवस्थांमधले दीड लाखावर फोटो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या फोटोंत सुमारे ३४ टक्के न्यूमोनियाचे, बाकी दोन ठिकाणी एक टक्क्याच्या आसपास. शिकलेल्या रुग्णालयांत यंत्र हुशार ठरायचं, परक्या रुग्णालयाचे फोटो दिले की बऱ्याचदा त्याचा तोल जायचा. मग त्यांनी उलटा प्रश्न घातला: फोटो कुठल्या रुग्णालयाचा, ते सांग. यंत्रानं जवळजवळ एकही चूक न करता सांगितलं. कशावरून? फुप्फुसावरून नव्हे, इतर खाणाखुणांवरून. आणि त्यांत कोपऱ्यातलं ते धातूचं अक्षर होतं. प्रत्येक ठिकाणी ते ठेवण्याची जागा वेगळी, घडण वेगळी. फोटो माउंट सायनायचा आहे हे एकदा कळलं, की न्यूमोनियाकडे झुकतं माप द्यायला छाती पाहण्याची गरजच काय! वर्गातलं एखादं बेरकी पोर गणित न सोडवता मास्तरांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखतं, तसलं हे.

मला या प्रसंगात एक गंमत दिसते. त्या यंत्राला विचारलं होतं, 'याला काय झालंय?' आणि त्यानं उत्तर दिलं, 'हे कुणी काढलंय' याचं. हा दुसरा प्रश्न डॉक्टरांचा नव्हे. तो चित्रांच्या आणि पोथ्यांच्या पारख्यांचा आहे.

तसे हे दोन धंदे पूर्वीपासून सोयरे आहेत. जोव्हानी मोरेल्ली नावाचा इटालियन पारखी शिक्षणानं वैद्य होता. १८७० च्या दशकात त्यानं सांगितलं, की चित्र कुणाचं हे ठरवायला मुद्रेचा भाव किंवा मांडणी पाहू नका, कानाची पाळी आणि बोटांची नखं पाहा. भाव शिष्य उचलतो, नक्कल करणारा तर हमखास उचलतो. कानाच्या पाळीकडे हात बेसावध असतो आणि तिथे आपली सवय सोडून जातो. रोगाचं लक्षण शोधणारीच ही नजर. (या गृहस्थानं आपले लेख मात्र रशियन वाटणाऱ्या टोपणनावानं छापले.)

लिखाणाला हीच कसोटी लावायची तर कानाची पाळी कुठे शोधायची? मदुराईत जन्मलेले इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५१ मध्ये एका पत्रात सुचवलं, की शब्दांची लांबी मोजावी. अमेरिकेतल्या टी. सी. मेंडेनहॉल यांनी ते १८८७ मध्ये करून पाहिलं आणि पुढे शेक्सपिअरची नाटकं खरं तर बेकनची का, या वादात घातलं. सुमारे वीस लाख शब्दांची अक्षरं दोन बायांनी हातानं मोजली. शेक्सपिअरचे चार अक्षरी शब्द जास्त, बेकनचे तीन अक्षरी; अर्थात माणसं दोन. निकाल लागला असं वाटलं. १९७५ मध्ये सी. बी. विल्यम्स यांनी दाखवलं, की शेक्सपिअरचं पद्य आणि बेकनचं गद्य शेजारी ठेवलं होतं. एकाच लेखकाचं गद्य आणि पद्य घेतलं तरी असाच फरक पडतो. मोजणीत लेखक सापडला नव्हता, पद्य सापडलं होतं. पुन्हा कोपऱ्यातलं अक्षरच!

शहाणपणानं केलेलं कामही आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेल्या ८५ निनावी निबंधांपैकी १२ कुणाचे, हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद मोस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ मध्ये मॅडिसनच्या बाजूनं जवळजवळ मिटवला. त्यांनी मोजले 'वर', 'कडे' असले बिनकामाचे वाटणारे शब्द. दोघं एकाच काळातले, विषय एक, भाषा एक, निबंधाचा घाटही एक. वेगळा होता तो फक्त हात, म्हणून मोजणीला हातच सापडला.

मराठीत हा झगडा यंत्राआधी होऊन गेलाय. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारक'मध्ये लिहिलं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव वेगळे. ज्ञानेश्वरीची भाषा जुनाट, अभंगांची नवी, हा त्यांचा एक मोठा आधार. उत्तरही तसंच तगडं आलं: अभंग शतकानुशतकं तोंडात फिरले, प्रत्येक तोंडानं त्यांना आपल्या काळाची बोली चढवली. म्हणजे भाषा नवी दिसते ती गाणाऱ्यांची. फोटो रोग्याचा, पण खूण रुग्णालयाची, असा मामला.

धुळ्याइतकं हे दुसऱ्या कुठल्या गावाला कळावं! इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस इथेच गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी छापणारे राजवाडे ते हेच. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून गोळा केलेली रामदासी बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांनी सांगायचं आणि कल्याणस्वामींनी लिहायचं, ही दासबोधाची परंपरा. अशी पोथी हाती घेतली, की ऱ्हस्व-दीर्घाच्या सवयी सांगणाऱ्याच्या की लिहिणाऱ्याच्या, इथूनच सुरुवात होते.

आणि मग पारोळा-एरंडोलवरून जळगावात शिरलं, की याच प्रश्नाचा सगळ्यात अवघड नमुना समोर उभा राहतो.

असोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून, १८८० ची बहिणाबाई. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात, वाटेनं सुचेल ते बोलायची. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ लिहून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज इथल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. शब्द आईचे, अक्षर मुलाचं, आणि मुलगा स्वतः नावाजलेला कवी. कागदावर किती कुणाचं, हा प्रश्न कुणाला पडला तर त्यात पाप नाही.

तर घाला यंत्रात! एकीकडे बहिणाबाईंची गाणी, दुसरीकडे सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता. यंत्र क्षणात सांगेल, दोन वेगळे कवी, शंभर टक्के. आणि आपण फसू. सोपानदेवांची कविता प्रमाण मराठीत, आईची गाणी लेवा बोलीत. 'मला-तुला' आणि 'मले-तुले', 'डोळा' आणि 'डोया', एवढ्यावरच यंत्राचं काम भागेल. या हिशेबानं माझी भालोदची आत्या बाजारातल्या वांग्यांबद्दल बोलली तरी यंत्र तिला बहिणाबाई ठरवील. बोली हे इथलं शिशाचं अक्षर.

त्यात मराठीची आणखी एक अडचण. इंग्रजीतले ते बारीकसारीक शब्द सुटे असतात, आपले प्रत्यय नामाला चिकटून येतात. शब्द मोजण्याआधी ते उकलावे लागतात. बोलीसाठी ही उकल करणारी साधनं प्रमाण भाषेइतकी तयार नाहीत. शिवाय 'डोया' ऐकून सोपानदेवांनी 'डोया'च लिहिलं की कधी हात सवयीनं 'डोळा'कडे वळला, हे छापील पुस्तकावरून ठरवणं कठीण. मुळात ओवीत ओळी आयत्या आलेल्या असतात. सासर-माहेर, विठ्ठल, भाऊराया यांचे साचे पिढ्यांपिढ्यांचे. कुणाही बाईच्या ओवीत दुसऱ्या दहा जणींचे हात असतात.

माझं मत विचाराल तर हा तपास करू नये असं मी म्हणणार नाही. पण मोस्टेलर-वॉलेसचा कित्ता गिरवायचा तर बोली एक, काळ एक, घाट एक अशी जोड हवी. म्हणजे बहिणाबाईच्या शेजारी तिच्याच गावच्या, तिच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच निरक्षर चार-सहा बायांची गाणी ठेवायला हवीत. मग ज्या सवयी फक्त तिच्याच निघतील त्या तिच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, पण त्या बहुतांशी पुणे भागातल्या आणि नंतरच्या काळातल्या. असोद्याच्या बाकीच्या जात्यांवर १९२०-३० मध्ये पहाटे काय गायलं जात होतं? पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. त्या घरांतल्या मुलांपैकी कुणी कवी झाला नाही, आणि वही घेऊन आईजवळ बसला नाही.