पेशीतल्या चिठ्ठ्या मोजायच्या कशा?

'टेक्सटाईलच्या कॉलेजात जीवशास्त्र कशाला?' असं रूममेटनं विचारलंच. पण हा प्रश्न इचलकरंजीच्या कुठल्याही सूत गोदामात शोभेल असाच आहे. ढिगात एकूण किती जातीचा माल आहे, हे सगळा ढीग न उपसता सांगायचं कसं?

यकृताच्या आणि स्नायूच्या पेशीत डीएनए एकच असतो. फरक पडतो तो त्यातल्या कुठल्या कृती उतरवून घेतल्या जातात यानं. ही उतरवलेली चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए. तिच्यावरून प्रथिन तयार होतं. एखाद्या चिठ्ठीच्या हजारो प्रती असतात, एखादीच्या जेमतेम पाच-दहा. मग पेशीत चिठ्ठ्या किती प्रकारच्या?

आज यंत्रानं अक्षरं वाचता येतात. पण 1974 साली एडिंबरोच्या जॉन बिशप आणि सहकाऱ्यांनी एकही अक्षर न वाचता हे उत्तर काढलं. मला ही युक्ती जाम आवडली. गॅदरिंगच्या गर्दीत आपल्या गावचा माणूस शोधायचा आहे असं समजा. निम्मी गर्दी इचलकरंजीची असेल तर पहिल्या धक्क्यालाच गाववाला भेटतो. चंदगडचा एकटाच आला असेल तर रात्र सरते. म्हणजे भेटायला लागलेल्या वेळावरून त्या गावची माणसं किती, हे कळतं.

त्यांनी नेमकं हेच केलं. मेसेंजर आरएनएला 'ए' अक्षरांची लांब शेपटी असते, तिला धरून तो बाकीच्या आरएनएतून वेगळा काढता येतो. मग 1970 साली सापडलेल्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या एन्झाइमनं त्याच्या किरणोत्सारी उलट नकला करायच्या. त्या चिमूटभर नकला भरपूर आरएनएत टाकायच्या आणि प्रत्येकीला आपली जोडी सापडेपर्यंत थांबायचं. आरएनएची सांद्रता गुणिले वेळ या राशीला 'रॉट' म्हणतात. (डीएनएच्या अशाच मापाचं नाव 'कॉट'. 1968 साली ब्रिटन आणि कोहन यांनी ते रूढ केलं. हॉस्टेलच्या कॉटशी त्याचा संबंध नाही.) चिठ्ठी एकाच प्रकारची असेल तर लॉग स्केलवर आलेख साधारण दोन दशकांत खाली येऊन संपतो. हीला पेशींचा आलेख मात्र लांबच लांब पसरला, आणि त्याचे तीन टप्पे पाडता आले.

याच पद्धतीतून पाठ्यपुस्तकांत आलेला सस्तन पेशीचा ढोबळ हिशेब असा: चारेक प्रकार, प्रत्येकाच्या सुमारे 12,000 प्रती, पाचशेक प्रकार, प्रत्येकी 300, आणि 11,000 प्रकार, प्रत्येकी फक्त 15. एकूण साडेतीन लाखांच्या वर चिठ्ठ्या. गंमत बघा, दुर्मिळ गटात चिठ्ठ्या निम्म्याहूनही कमी, पण प्रकार शेकडा पंचाण्णवच्या वर! तीनच गट मानणं ही सोयीची मांडणी आहे, निसर्गात अशा कप्प्यांच्या भिंती नाहीत.

ही पद्धत आपल्याकडेही वापरली गेली, प्राण्यांऐवजी पिकांवर. 1981 साली पुण्याच्या एनसीएलमधील विद्या गुप्ता आणि प्रभाकर रांजेकर यांनी नाचणीच्या डीएनएची मांडणी अशाच जोड्या जमण्याच्या वेगावरून अभ्यासली. आपल्या भाकरीतली नाचणी, बरं का!

1990 च्या दशकात चिठ्ठ्या थेट वाचायला सुरुवात झाली आणि 2008 पासून आरएनए-सेक आलं. मग मोजणी सोपी झाली? इथंच मेख आहे. माझी मावसबहीण बायोटेक करते. तिच्या डेटात एका जनुकापुढं शून्य आलं आणि तिनं फोनवर विचारलं, 'दादा, म्हणजे ते बंद आहे ना?' मी वहीच काढली. 15 प्रती असलेली चिठ्ठी म्हणजे 24,000 मध्ये एक. हजार चिठ्ठ्या वाचल्या तर ती एकदा तरी दिसण्याची शक्यता शेकडा 4. ती 95 करायची तर सुमारे 72,000 वाचाव्या लागतात. पेशीत एकच प्रत असेल तर जवळपास अकरा लाख. मार्कांपुरतं पाठ केलेलं पॉयसन डिस्ट्रिब्युशन ते हेच! म्हणून 'दिसलं नाही' आणि 'नाही' यांत किती अंतर आहे, हे किती वाचलं त्यावर ठरतं. एकेका पेशीतून चिठ्ठ्या काढताना तर त्यातल्या काहीच हाती लागतात, तिथं शून्यं ढिगानं येतात. उद्या कुणाच्या आजाराचं निदान अशा शून्यावर होणार असेल तर आधी एकूण वाचनं किती ते विचारावं. बहिणीलाही मी तेच विचारलं, ती आकडा शोधते आहे.

आणखी एक गुंता आहे. 1977 साली कळलं की जनुकं तुकड्यातुकड्यांची असतात. पेशी ते तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडते, आणि एकाच जनुकाच्या अनेक चिठ्ठ्या होतात. माणसात प्रथिनांची कृती असलेली जनुकं सुमारे 20,000, चिठ्ठ्यांचे प्रकार त्याहून कितीतरी जास्त. कुठल्या दोन चिठ्ठ्यांना वेगळं म्हणायचं हे आधी ठरवल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही.