डिक्की दुसऱ्याची, चावी आपलीच

ज्यांना ऐकायला वेळ नाही, एसटीत रेंज नाही, किंवा हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जे "म्हणजे", "बघा", "काय" येतं, त्यातलं थोडं काढलंय, थोडं राहू दिलंय.

आजचा विषय एकदम हातातला. गाडीच्या डिक्कीचं झाकण चेपलं, दुसरं आणून बसवलं, तर चावीचं काय करायचं?

उदाहरण घरचंच घेतो. माझ्या मामाकडं निलंग्यात एस्टीम आहे. मारुतीनं ही गाडी १९९४ मध्ये आणली आणि २००७ च्या शेवटी बंद केली. मामाची २००६ ची. पंधरा वर्षं झाल्यावर परत पासिंग करून घेतलेली, इंजिन एकदम टणटणीत. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं कशा जातात ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. उभ्या गाडीला रिव्हर्स घेताना ट्रॉली लागली आणि डिक्कीचं झाकण मधोमध दुमडलं. लॉकसुद्धा आत गेलं. नवं झाकण एवढ्या जुन्या गाडीला मिळणं अवघड, म्हणून तोडलेल्या गाडीचं आणलं. त्या झाकणाला त्या गाडीचंच लॉक होतं. मामाचं म्हणणं, "आरं, दोन चाव्या ठिवू की. काय हुतंय तेला?"

होतं काय, तर त्या लॉकची दुसरी चावी कुणाच्या तरी खुंटीला अजून टांगलेली असते. ती कुठं आहे ते आपल्याला माहीत नसतं. आपल्या डिक्कीत जॅक, स्टेपनी, मोंढ्याला जाताना कागदपत्रांची पिशवी, लग्नात आहेराच्या साड्या. शिवाय घरात गाडी चालवणारे चार जण, म्हणजे चार जणांना दोन-दोन चाव्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सरळ नाही म्हणू. सगळ्यांचा पासवर्ड बदलण्यापेक्षा सर्व्हरवरची एक नोंद बदलायची. चावी तीच ठेवायची, लॉक तिला जुळवायचं.

जाता जाता, "डिक्की" हा शब्द आपल्याकडं इंग्रजीतून आला, पण इंग्रजांनी तो कधीच सोडून दिला. घोडागाडीच्या मागच्या बैठकीला ते डिकी म्हणायचे, मग जुन्या मोटारींच्या मागं उघडणाऱ्या घडीच्या सीटला. सीट गेली, जागा राहिली, आणि शब्द आपल्याकडं राहिला.

आता झाकण आणायचं कुठून? लातूरला जुन्या स्पेअर पार्टची दुकानं बघा, हैदराबादला माणूस जाणार असेल तर तिथं, नाहीतर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला. (कुर्ल्याची गंमत म्हणजे प्रीमियर पद्मिनी तिथल्याच कारखान्यात बनायची, आणि पुढं तिथल्याच भंगारात तिचे पार्ट मिळायचे.) कुठूनही घ्या, पण बिल घ्या. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, कुठल्या गाडीचं झाकण हे लिहून घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मला काय माहीत" हे म्हणायला हातात कागद पाहिजे. आणि दुकानदाराला एक विचारा, "याची चावी आहे का?" बहुतेक वेळा नसते. असली तर पुढचं काम निम्मं होतं. का, ते सांगतो.

आधी झाकण बसवणं. याला दोन माणसं आणि एक दुपार लागते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. झाकणातून नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जाते, कुठं सेंट्रल लॉकची, कुठं मागच्या कॅमेऱ्याची. जोड सोडवल्यावर वायरच्या टोकाला एक लांब सुतळी बांधा आणि मग वायर ओढून घ्या. वायर बाहेर येते, सुतळी जुन्या झाकणात राहते. त्या सुतळीचा मार्ग बघून घ्या आणि नव्या झाकणात तशीच सुतळी ओवून तिच्यामागं वायर ओढा. पायजम्यात नाडी ओवतो तसंच. हे केलं नाही तर तासभर तार घालून पत्र्याच्या पोकळीत चाचपडत बसायचं.

बिजागरीचा दांडा जुन्या झाकणावर जिथं बसलेला, तिथं मार्करनं त्याची कड आखा. नव्या झाकणावर तेवढ्याच अंतरावर खूण करा. काचेखालच्या कोपऱ्यांवर जुनी चादर टाका, झाकण निसटलं की पहिला ओरखडा तिथंच येतो. मग दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि बोल्ट सोडायचे. बहुतेक सेडान गाड्यांत झाकण वर उचलून धरायला आत पिळलेल्या सळ्या असतात, त्यांना टॉर्शन बार म्हणतात. झाकण बदलायला त्या काढायची गरजच नाही. त्यांना हात लावू नका. ताण असलेली सळी सुटली तर तोंडावर येते.

नवं झाकण ठेवून बोल्ट हातानं पिळायचे, पान्यानं नाही. हळू झाकून दोन्ही बाजूंची फट बघायची, सरकवायचं, परत झाकायचं. फट सारखी झाली की मग आवळायचं. लॉक ज्या कडीत अडकतं ती खालची कडीही थोडी हलते, तिचं शेवटी जुळवायचं.

इथं लोक घाई करतात. "बसलं ना? झालं." नाही झालं. रबराच्या कडेवर कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथं रबर टेकत नाही. असं चारी बाजूंनी करा. हे पावसासाठी तर आहेच, पण त्याहून मोठं कारण धुराचं आहे. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरचा धूर तिथं घुटमळतो. फट राहिली तर तो डिक्कीत आणि मागच्या सीटमधून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि आपण म्हणतो, उन्हाचा त्रास झाला. काचा बंद करून, एसी लावून लातूरपर्यंत जाताना मागं पोरं झोपलेली असतात. रंग नंतर होईल, रबर आधी बघा.

आता लॉक. हा माझा आवडीचा भाग.

सगळ्यात सोपा मार्ग आधी. तुमचं जुनं लॉक धड असेल, नुसता पत्रा चेपला असेल, तर चावी लागणारा तो गोल भाग जुन्या झाकणातून काढून नव्यात बसवा. बहुतेक ठिकाणी तो आतून यू आकाराच्या पत्र्याच्या क्लिपनं अडकवलेला असतो आणि मागून एक सळी खटक्याला जोडलेली असते. सळी सोडवा, पकडीनं क्लिप ओढा, लॉक बाहेर. मागची पट्टी कुठल्या दिशेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर चावी फिरते पण डिक्की उघडत नाही. अर्ध्या तासाचं काम, पैसे शून्य.

मामाच्या बाबतीत लॉकच चेपलेलं, म्हणून दुसरा मार्ग.

गाडीच्या लॉकच्या आत एक नळकांडं फिरतं. त्यात पितळेच्या पातळ पत्त्या ओळीनं उभ्या असतात. प्रत्येक पत्तीला मधे चौकोनी खिडकी, आणि बाजूला बारीक स्प्रिंग. खिडकी कुठल्या पत्तीत वर, कुठल्या पत्तीत खाली. चावी नसते तेव्हा स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलते, ती बाहेरच्या कवचाच्या खाचेत अडकते आणि नळकांडं फिरत नाही. बरोबर चावी घातली की तिचे दाते प्रत्येक खिडकीतून जाताना पत्तीला नेमकं तेवढंच ओढतात, की ती ना वर राहते ना खाली. सगळ्या पत्त्या सपाट झाल्या की नळकांडं फिरतं. एक जरी बाहेर राहिली तरी नाही.

म्हणजे लॉकचं गुपित पत्त्यांच्या क्रमात आहे. क्रम बदलला की लॉक दुसऱ्या चावीचं झालं.

समजा ४ प्रकारच्या पत्त्या आहेत आणि ८ जागा. तर ४ चा ८ वा घात, ६५,५३६ वेगवेगळी लॉकं होऊ शकतात. (कोडिंग करणाऱ्यांनो, हे बरोबर १६ बिट.) कंपन्या यातले सगळे क्रम वापरत नाहीत, पण अंदाज येतो.

काम असं. आधी त्या लॉकची मूळ चावी असेल तर ती घालून नळकांडं बाहेर सरकवायचं. चावी घातलेली असली की पत्त्या सपाट असतात, म्हणून ते सहज निघतं. म्हणूनच दुकानदाराला चावी विचारायची. ती नसेल तर हे काम चावीवाल्याकडं न्या, आणि आरसी सोबत ठेवा. चांगला चावीवाला ती मागतो. मागितली तर रागावू नका, उलट परत त्याच्याकडंच जा.

नळकांडं निघालं की खाली पांढरा पंचा अंथरा. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, फरशीवर पडलेली पत्ती शोधताना हे आठवेल. आता आपली चावी घाला. ज्या पत्त्या सपाट आहेत त्या राहू द्या. ज्या वर किंवा खाली डोकावतात त्या बदलायच्या. बदलीच्या पत्त्या आणायच्या कुठून? तुमचं चेपलेलं जुनं लॉक फेकलं नाहीत ना? त्याचं कवच वाकलं असेल, पत्त्या धड असतात, आणि त्या आधीच तुमच्या चावीच्या क्रमात लागलेल्या आहेत. दोन्ही लॉक एकाच बनावटीची असली तर तिथून एक-एक उचलून त्याच जागी ठेवायची. प्रत्येक टप्प्याला फोटो.

चावीवाल्याकडं दिलं तर एकच प्रश्न विचारा: पत्त्या बदलल्या, घासल्या, की काढल्या?

बदलल्या तर उत्तम. घासल्या, म्हणजे डोकावणारा भाग कानशीनं उडवला, तर तुमची चावी चालेल, पण घासलेली पत्ती आखूड होते आणि दुसऱ्या उंचीच्या चाव्यांनाही सोडते. एखादी घासली तर फार बिघडत नाही. काढल्या तर मात्र हिशेब करा. ८ पैकी ४ काढल्या तर ६५,५३६ चे राहतात फक्त २५६. दोनच ठेवल्या तर १६. चावी झकास फिरते, गिऱ्हाईक खूश, आणि शेजाऱ्याच्या गाडीची चावीही त्यात फिरायला लागते. जुनी गाडी, कोण बघतंय, असं म्हणून हे होतं.

बऱ्याच जणांना भीती असते की चावीत चिप आहे, लॉक उघडलं तर गाडी सुरू होणार नाही. चिप इंजिन सुरू करण्यापुरती. डिक्कीचं लॉक नुसतं यंत्र आहे, तिथं चिपचा संबंध नाही.

तेल घालू नका. आमच्याकडची काळी धूळ तेलात बसली की वर्षभरात चिखल होतो. पेन्सिलचं शिसं घासून त्याची भुकटी चावीला लावा, दोन-चार वेळा आत-बाहेर करा. शिसं म्हणजे ग्राफाइटच.

मग चाचणी. झाकण उघडं ठेवून खटका स्क्रू ड्रायव्हरनं बंद करा आणि चावीनं उघडा. आधी झाकण लावून टाकलं आणि चावी फिरली नाही तर बसा मग. घरातल्या प्रत्येकाच्या चावीनं बघा, कारण झिजलेल्या चावीवर जुळवलेलं लॉक नव्या चावीला अडू शकतं. झाकणासोबत आलेली चावी असेल तर तिनं उघडायचा प्रयत्न करा. ती फिरता कामा नये.

आणि चाचणीसाठी कुणाला आत बसवून झाकण लावू नका, गंमत म्हणूनही नाही. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत ११ मुलं डिक्कीत अडकून गेली. त्यानंतर तिथं नियम झाला, आणि सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या डिक्कीवाल्या कारमध्ये अंधारात चमकणारी मूठ आतून द्यावी लागते. एस्टीमच्या काळच्या आपल्या गाड्यांत तसलं काही शोधू नका. मे महिन्यात निलंग्यात बंद पत्र्याच्या आत काय होतं ते वेगळं सांगत नाही. घरात लहान पोरं असतील तर चावी उंच खुंटीला, आणि सीटखालचा डिक्कीचा खटका त्यांना खेळायला द्यायचा नाही.

राहिली नंबरप्लेट. ज्या गाड्यांत मागची प्लेट झाकणावर असते, तिथं नवी हाय सिक्युरिटी प्लेट लावली असेल तर तिचं स्नॅप लॉक एकदाच बसतं. काढताना तुटतं, परत लागत नाही. नटबोल्टनं आवळून वेळ मारून नेऊ नका, बदलून घ्यायचा ऑनलाइन अर्ज आधीच टाकून ठेवा. मामाची एस्टीम आता एका चावीवर आहे. झाकण मात्र अजून दुसऱ्याच रंगाचं, पेंटरची तारीख मिळालेली नाही.