पान्हा अडतो तेव्हा

गाईच्या पाठीवर मांजर ठेवायचं आणि शेजारी दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फुगवून फोडायची. दोन मिनिटं हे चालू ठेवायचं, मग धार काढायला बसायचं. पोरखेळ वाटेल, पण १९४१ साली फोर्डाइस इली आणि डब्ल्यू. ई. पीटरसन या अमेरिकी दुग्धशास्त्रज्ञांनी तो अगदी गंभीरपणे केला. घाबरलेल्या गाईच्या कासेत दूध होतं, पण ते नीट उतरेना. न घाबरवता नुसतं अ‍ॅड्रेनलिन टोचलं तरी तेच झालं. आपल्याकडचा कुठलाही गवळी यावर म्हणेल, "मग? त्यात नवल काय?" अनोळखी माणूस धारेला बसला, कुत्रं अंगावर आलं, की गाय पान्हा चोरते. वासरू लावलं, अंगावरून हात फिरवला की सोडते.

गवळ्याला माहीत नव्हतं ते यामागचं कारण. इली आणि पीटरसन यांनी कासेच्या अर्ध्या भागाच्या नसा कापून पाहिल्या, तरी दूध दोन्ही बाजूंना उतरलं. म्हणजे पान्हा फुटायचा हुकूम कासेपर्यंत येतो तो रक्तातून. तो घेऊन येणारं संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. (काही गोठ्यांत चोरून टोचलं जाणारं इंजेक्शन ते हेच.)

बाईचं काय? सात वर्षांनी, १९४८ मध्ये, नाइल्स आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने ते तपासलं. नाइल्स तेव्हा सात महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजत होत्या आणि प्रयोगातली आई त्या स्वतःच झाल्या. काही दिवस त्यांनी बाळाला निवांत पाजलं. काही दिवस पाजताना त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाची बोटं दुखेपर्यंत ओढली, गणितं घातली आणि उत्तर चुकलं की विजेचा झटका दिला. प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन केलं. निवांत दिवशी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं, त्रासाच्या दिवशी ९९ ग्रॅम. त्रास तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा आकडा पुन्हा १५३ वर गेला. आकडे एकाच आईचे आहेत, त्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येणार नाही. पण एवढं त्यातून कळतं, की त्या दिवशीही दूध छातीत होतंच. नसतं तर इंजेक्शनने आणलं कुठून?

आपल्या घरांत दूध कमी पडलं की "टेन्शनने आटलं" असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं ही दोन वेगळी कामं आहेत. तयार करण्यासाठी प्रोलॅक्टिन लागतं. बाळ चोखू लागलं की ते वाढतं. बाहेर येण्यासाठी ऑक्सिटोसिन. स्तनात दूध साठवणाऱ्या बारीक कोशांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचं जाळं असतं. ऑक्सिटोसिन पोचलं की ते जाळं आवळतं आणि दूध नलिकांमध्ये ढकललं जातं. हे एका दमात होत नाही, लाटांमध्ये होतं. एका वेळच्या पाजण्यात असा पान्हा अनेकदा फुटतो, आईला बहुधा पहिलाच जाणवतो. ताण आला की मेंदूकडून ऑक्सिटोसिन कमी सुटतं, शिवाय अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे सुटलेलंही पेशींपर्यंत कमी पोचतं. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी पाजणाऱ्या आयांना मनातल्या मनात हिशेब करायला लावले, काहींना मोठा आवाज ऐकवला. ऑक्सिटोसिनच्या लाटा कमी झाल्या, प्रोलॅक्टिनमध्ये मात्र फरक पडला नाही. आणि एवढ्या थोड्या वेळच्या ताणाने दूधही फारसं घटलं नाही. एखाद्या दिवशी सासूशी वाजलं म्हणून बाळ उपाशी राहत नाही, ते याचमुळे.

अडचण होते ती रोजचं अडणं सुरू झालं की. स्तनात दूध साचून राहिलं तर शरीर समजतं, एवढ्याची गरज नाही, आणि पुढचं दूध बनवणं मंदावतं. अडलेलं दूध अशा आडवाटेने खरोखरच आटू लागतं. मग बाळ रडतं, आई आणखी धास्तावते, कुणीतरी वरच्या दुधाची बाटली पुढे करतं, छाती आणखी कमी रिकामी होते. बाळंतपणातच फार कष्ट झाले असतील, कळा लांबल्या असतील, सिझेरियन झालं असेल, तर चिकानंतरचं भरपूर दूध यायलाही उशीर होऊ शकतो. नेमक्या त्याच दिवसांत भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, "दूध पुरतंय ना?"

दूध काढायच्या पंपाची गोष्ट याहून अवघड. बाळाची चाहूल हीच आईसाठी मोठी किल्ली असते. १९८३ मध्ये मॅकनीली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बाळ रडू लागलं, चुळबुळ करू लागलं, तरी अंगाला लावण्याआधीच अनेक आयांच्या रक्तात ऑक्सिटोसिन वाढतं. पंप रडत नाही, त्याला वासही नसतो. आता ऑफिसमधली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. जुन्या फायलींची खोली, दाराला आतून कडी नाही, म्हणून खुर्ची दाराला टेकवून एक आई पंप लावून बसली आहे. कानात इअरफोन, मीटिंग म्यूटवर. दीड वाजता खोली रिकामी करायची आहे. पंपाचा व्हॉल्व्ह धुवायचा, बाटली डब्यांच्या गर्दीतल्या फ्रीजमध्ये मागे सरकवायची, आइसपॅक गोठलाय का बघायचं. बाहेर ठेवलं तर पंचविसेक अंशांत चारच तास, आणि मुंबईच्या मे महिन्यात पंचवीस अंश असतात कुठे? सहा बाराची लोकल चुकली तर पाळणाघराला फोन. हे सगळं डोक्यात चालू असताना नजर मात्र बाटलीवरच्या रेघांवर. तीस, पस्तीस, चाळीस. न्यूटनबाईंना गणितं घालायला निदान दुसरं माणूस तरी होतं.

त्यात त्या रेघाही फसव्या. पंपात आलं तेवढंच दूध आहे असं नसतं. नीट चोखणारं बाळ त्याहून जास्त काढू शकतं, आणि बाळही हाती असलेलं सगळं पीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोजणीत बाळांनी स्तनातलं सरासरी ६७ टक्केच दूध प्यायल्याचं दिसलं. दिवसाचं एकूण दूध तर आईगणिक ४७८ पासून १,३५६ ग्रॅमपर्यंत होतं, आणि बाळं सगळी नीट वाढत होती. बाटलीवर सरळ मोजा चढवून पंप करणाऱ्या बायका आहेत. मला हा उपाय दूध वाढवण्याच्या कुठल्याही महागड्या चहापुडीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. पंप लावण्याआधी गरम शेक, हाताने हलका मसाज, बाळाचं झबलं मांडीवर किंवा फोनवर त्याचा व्हिडिओ, हेही पान्ह्याला उपयोगी पडतं.

मन सैलावण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं अतिदक्षता विभागात असलेल्या आयांना १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात वीस मिनिटांची कॅसेट दिली होती. अंग सैल सोडा, बाळ कुशीत आहे असं डोळ्यांसमोर आणा, असं तिच्यात सांगितलेलं. ती ऐकणाऱ्यांनी एका वेळेला काढलेलं दूध न ऐकणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त भरलं. त्याच वर्षी मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. दूध अजून अडलेल्या आईच्या बाळाला दुसऱ्या आईचं दूध मिळू लागलं. मला वाटतं, आईच्या जिवाला त्यानेही थोडी उसंत मिळत असेल.

बाळंतिणीला अळिवाचे लाडू, डिंक, शतावरी देतात. त्यांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा अजून नाही. पण लाडू दुसऱ्या कुणीतरी वळलेले असतात, आणि सव्वा महिना ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही, याला मी जास्त मार्क देईन. "टेन्शन घेऊ नकोस" याला शून्य. ते तिच्या यादीतलं आणखी एक काम होतं. रात्री पंप धुऊन उकळवून ठेवणारा नवरा त्यापेक्षा कितीतरी कामाचा. उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावेत.

अंगावर पाजण्याने खुद्द ताणही कमी होतो. १९९५ च्या एका प्रयोगात बायकांना ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा पाजणाऱ्या आयांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं न पाजणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. ही मदत शरीर करायला तयार असतं, जागा आणि वेळ मिळाला तर. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा दिली. आपल्या एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत हिरकणी कक्ष आहेत. रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या आईचं नाव त्यांना दिलं आहे. त्यांतला एखादा कुलूपबंद असला, तर किल्ली कुणाकडे आहे हे विचारत फिरायचं काम कडेवर बाळ घेतलेल्या बाईवरच येतं.